अंगणातला काँक्रीटचा कोबा उन्हाने उचलू नये म्हणून

विदर्भात मे महिन्याच्या दुपारी उघड्या अंगणातला कोबा अनवाणी पायाला चटका देतो आणि डिसेंबरच्या पहाटे गारठून जातो. काँक्रीट तापमानाच्या दर अंशामागे आपल्या लांबीच्या साधारण एक लक्षांशाने वाढते. त्यामुळे १० मीटरच्या पट्ट्याच्या तापमानात ऋतूंमध्ये ४० अंशांचा फरक पडला, तर त्याची लांबी सुमारे ४ मिलिमीटरने कमीजास्त होते. एवढी हालचाल सामावून घेणारी जागा ठेवली की काम भागते. नुकसान होते ते त्या जागेत माती शिरल्यामुळे. थंडीत रुंदावलेल्या फटीत वाळू आणि खडे पडतात, उन्हाळ्यात काँक्रीटला पूर्ववत पसरता येत नाही, आणि वर्षानुवर्षे असेच घडत राहिले की एखाद्या उन्हाळ्यात सांध्याच्या कडा फुटतात किंवा कोबा कमानीसारखा वर येतो. सायबेरिया-अलास्काच्या कायम गोठलेल्या जमिनीत हेच काम बर्फ करतो: हिवाळ्यातल्या भेगेत वितळलेले पाणी शिरून गोठते आणि तिथे बर्फाची पाचर दरवर्षी जाड होत जाते.

नवा कोबा घालताना मुरूम पाणी मारून चांगला धुमसावा आणि १०० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीटला दोन्ही दिशांनी अडीच ते तीन मीटरवर सांधे द्यावेत. कटरने पाडायचा सांधा निदान २५ मिलिमीटर खोल असावा. कडा न झडता पाते चालू लागताच, म्हणजे बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी, तो पाडावा. उशीर केल्यास काँक्रीट आपल्या मनाने तडकते. भिंत, खांब आणि चेंबरच्या कडेने मात्र पूर्ण जाडीची, १२ ते २० मिलिमीटरची फट ठेवून तीत दबणारी पट्टी बसवावी. पाणी किमान सात दिवस मारावे.

जुना कोबा असेल, तर हिवाळ्यातल्या पहाटे तपासणी करावी, कारण तेव्हा सांधे सर्वाधिक उघडलेले असतात. शिवाय वरचा थर खालच्यापेक्षा थंड असल्याने कोपरे किंचित उचललेले असतात आणि हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज देतात. सांध्यातली माती लोखंडी पट्टीने खरवडून ब्रशने किंवा हवेच्या झोताने काढावी. नंतर सांधा कोरडा करून त्यात लवचिक सीलंट किंवा गरम बिटुमेन भरावे, तेही पृष्ठभागापासून पाच-सहा मिलिमीटर खाली राहील इतकेच, नाहीतर उन्हाळ्यात ते दाबले जाऊन वर येते आणि चपलांना चिकटते.

भेग दिसली की तीत सिमेंटची रबडी ओतण्याची सवय अनेक गवंड्यांना असते. हिवाळ्यात अशी भरलेली भेग म्हणजे आपणच ठोकलेली पाचर होय, म्हणून गवंडी कितीही आग्रही असला, तरी त्याला तेथे सिमेंट वापरू देऊ नये.