शेलच्या टपावर घरचं कॅरिअर: ड्रिल हातात घेण्याआधी

पिकअपच्या हौद्यावर फायबरग्लासचा शेल, म्हणजे हौदा झाकणारं टोपण, आहे आणि त्याच्या टपावर कयाक (वल्ह्यांची छोटी होडी) न्यायला घरीच कॅरिअर करायचंय, तर आधी टॉर्च घेऊन शेलच्या आत शिरा आणि छत खालून बघा. नुसतं फायबरग्लास आणि त्याला चिकटवलेलं कापड दिसलं, तर ते छत पाऊस अडवायला केलंय, ओझं पेलायला नाही. कंपनीनेच रॅकचे ट्रॅक बसवून दिलेल्या शेलचीही चालत्या गाडीवरची मर्यादा बहुधा १५० पौंडांच्या आसपास असते, आणि त्यातून कॅरिअरचं स्वतःचं वजन वजा करायचं. कॅरिअर ४० पौंडांचं, ५५-५५ पौंडांचे दोन कयाक. हिशेब तिथेच संपला. टपावर उघडणारा तंबू डोक्यात असेल तर आकडे मांडायलाही नकोत. वजनाचा दुसरा हिशेब गाडीच्या दारात. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर स्टिकर दिसतो. माणसं आणि सामान मिळून किती चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. शेल, कॅरिअर, कूलर, मुलं, सगळं त्यातच बसवायचं.

मग या कामातला खरा निर्णय: ओझं खाली कुठून उतरणार? एका पद्धतीत छताला भोकं पाडून आतून पट्ट्या देतात. दुसरीत शेलच्या आत हौद्याच्या कडांपासून छतापर्यंत चौकट उभी करतात, म्हणजे वरचं वजन फायबरग्लासऐवजी पत्र्यावर उतरतं. तिसरीत पाय बाहेरूनच कडांवर रोवतात आणि शेलला हातच लावत नाहीत. दोन सायकलींपुरतं पहिलं चालेल. त्याहून जड काही न्यायचं तर मी दुसऱ्या किंवा तिसऱ्यावरच जाईन, मग वेल्डिंगवाल्याला पैसे गेले तरी चालतील. लांब सामान नीट बसावं म्हणून कॅरिअर केबिनच्या टपालाही जोडायचा मोह होतो. तो टाळा. केबिन आणि हौदा चासीवर वेगवेगळे बसवलेले असतात, खडबडीत रस्त्यावर आपापल्या परीने पिळतात आणि मधे अडकलेली दांडी बोल्ट उपटते.

साहित्यात दीड इंची, लांबीभर खाचा असलेलं अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइल (तयार दांडी) घ्यावं. कापायला करवत पुरते आणि आडव्या दांड्या हव्या तिथे सरकवता येतात. हार्डवेअरच्या दुकानातलं स्टीलचं स्ट्रट चॅनल (एका बाजूने उघडी पन्हळीसारखी दांडी) स्वस्त पडतं, पण फुटाला जवळजवळ १.९ पौंड, तीस फूट लागलं की वजनाचा कोटा तिथेच खर्ची. प्रेशर-ट्रीटेड लाकडातलं तांबं अ‍ॅल्युमिनियमला खातं, त्यामुळे ती जोडी नको. बोल्ट स्टेनलेसचे आणि नट नायलॉनच्या कड्याचे घ्या. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात अशा भागात राहत असाल तर स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर किंवा गंजरोधक पेस्ट हवीच.

भोकं पाडायचीच असली तर जागेवर मास्किंग टेप लावा आणि ड्रिल आधी उलटं फिरवा, म्हणजे वरचा चकचकीत थर तडकत नाही. मास्क आणि चष्मा दोन्ही लागतील. फायबरग्लासची धूळ अंगावर पडली की संध्याकाळपर्यंत खाज. आतून प्रत्येक बोल्टखाली तीन-चार इंची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, वरून पाणी अडवायला ब्युटिल टेप (चिकट रबरी पट्टी). सिलिकॉन नको. पुढे कधी सील बदलायचं झालं तर त्यावर दुसरं काही चिकटत नाही. शेल हौद्याला धरून ठेवणारे क्लॅम्पही याच वेळी तपासा. हायवेवर टपावरच्या कयाकखाली वारा शिरतो, त्याची ओढ शेवटी त्यांच्यावरच येते.

दांड्या कायमच्या आवळण्याआधी मागचं काचेचं दार पूर्ण उघडून बघा. मागे आलेली दांडी दाराला लागली तर आत्ताच कापलेली बरी. शेलवरचा तिसरा ब्रेकलाइट मागच्या गाडीला दिसला पाहिजे. सामानासकट उंची मोजून चिठ्ठी डॅशबोर्डवर चिकटवा, कारण पार्किंग गॅरेजच्या तोंडाशी ६ फूट ८ इंचांची पाटी आली की मागे रांग लागलेली असते. पहिल्या पन्नास-एक मैलांनंतर गाडी बाजूला घेऊन सगळे बोल्ट पुन्हा आवळायचेत, तेव्हा पाना सीटखालीच ठेवा.