हौसेचा धंदा करताना या चुका टाळा: एका चकलीवालीच्या वहीतून

बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीत दिवाळीच्या चकल्या वाटायची पद्धत आहे. नऊ वर्षांपूर्वी शेजारच्या काकींनी चकली मोडून तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "काय गे बाई चव तुझ्या हाताला! दुकान घाल की." मी हसले, खरं डोक्यात ते वाक्य राहिलं. पुढच्या दिवाळीला मी २४० रुपये किलोने चकली विकायला लागले. २४० का, तर बाजारात २६० होती आणि आपण घरचं करतो म्हणून वीस रुपये कमी. माझी पहिली चूक ही, आणि बाकीच्या बऱ्याच चुका तिच्याच पोटातून निघाल्या.

आता ओळखीतल्या बायका विचारायला येतात. कुणी क्रोशाची तोरणं विणते, कुणी गोधड्या शिवते, खानापूरकडची एकजण मातीच्या पणत्या रंगवते. वस्तू वेगळ्या असल्या तरी अडतात सगळ्या त्याच त्याच जागी.

भाव आधी, हिशेब नंतर

दोन किलो भाजणीच्या एका घाण्याचा हिशेब माझ्या जुन्या वहीत आहे, तो तसाच देते. तांदूळ, डाळी, धणे-जिरे आणि गिरणी मिळून १९०. मुरलेलं आणि शेवटी टाकून द्यावं लागलेलं तेल ११०. तीळ, ओवा, तिखट ४५. गॅस ५०. पिशव्या आणि लेबलं ४५. एकूण ४४० रुपये. चकल्या निघाल्या दोन किलो सहाशे ग्रॅम. त्यातल्या दोनशे ग्रॅम तुटक्या, त्या घरात खपल्या. उरलेल्या दोन किलो चारशेचे २४० च्या भावाने ५७६ रुपये आले. हातात राहिले १३६.

मला ते १३६ म्हणजे नफा वाटायचा. मग एका पावसाळी दुपारी घड्याळाकडे बघून वेळ मांडला. भाजायला दीड तास, गिरणीला जाऊन यायला एक, तळायला तीन, पाकिटं भरायला एक. साडेसहा तास झाले. १३६ भागिले साडेसहा केलं तर तासाला २१ रुपये पडले. आणि ५० रुपयांचा गॅस मी घरगुती सिलिंडरवर धरला होता. तो १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरणं नियमात बसत नाही, धंद्याला व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो, तो महाग पडतो. म्हणजे २१ हा आकडासुद्धा फुगवलेलाच.

हौशीत वेळ मोजायची सवय नसते. टीव्ही बघत बघत तोरण विणलं तर त्याला वेळ लागला असं आपण धरतच नाही. विकायचं ठरवल्यावर मात्र पहिलं काम घड्याळ लावायचं. एक नग किंवा एक घाणा सुरुवातीपासून पाकीट बंद होईपर्यंत मोजा, तोही तीनदा. पहिल्या वेळेला माणूस उगाच भरभर करतो.

भाव तोट्यात निघाला तर सरळ किलोमागे शंभर वाढवून ओळखीच्या गिऱ्हाइकाला सांगणं जड जातं. मी किलोचा भाव सांगणंच बंद केलं. दोनशे ग्रॅमचं पाकीट ९० रुपयाला काढलं. तेवढ्याच मालाची बारा पाकिटं, १०८० रुपये. जादा पिशव्यांचे ३० धरून खर्च ४७०, उरले ६१०, म्हणजे तासाला ९० च्या वर. दुकानदाराला २० टक्के दिले तरी तासाला साठ पडतात. २४० च्या भावात दुकानदाराला द्यायला काहीच नव्हतं, म्हणून गणपत गल्ली, खडेबाजार हिंडून मी रिकाम्या हाताने परत यायची आणि दोष दुकानदारांना द्यायची. किलोने मागणारी जुनी दोन-तीन गिऱ्हाइकं मात्र सुटली. ती सुटणारच होती.

तारीख अंदाजाने टाकली

लेबलावर मी "दोन महिने उत्तम" असं छापलं होतं. कशावरून? चुलत सासूबाईंच्या डब्यात चकली दोन महिने टिकते यावरून. जुलैत खानापूरहून एक पाकीट परत आलं. भरून जेमतेम तीन आठवडे झाले होते. उघडलं तर खवट वास, आणि चकली दाताखाली मऊ. इथला पावसाळा काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल सोडतात.

कारणं शोधायला दोन महिने गेले. मऊ पडायचं कारण, मी चकली कोमट असतानाच पाकिटं भरत होते. आतली वाफ आतच राहायची. आता पंख्याखाली पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीला हात लावत नाही. पिशवीही बदलली. साध्या पातळ प्लॅस्टिकमधून दमट हवा आत शिरते, आतून चांदी असलेली जाड पिशवी घेतली. खवटपणाचं कारण मात्र तेल होतं. आदल्या दिवशीचं उरलेलं तेल गाळून त्यात नवं ओतायची माझी काटकसर. घरच्या चकलीला ते चालून जातं, कारण ती आठवड्यात संपते.

आता प्रत्येक नव्या मालातली सहा पाकिटं बाजूला ठेवते आणि दर आठवड्याला एक फोडते. ज्या आठवड्यात चव उतरते त्याच्या बऱ्याच अलीकडची तारीख छापते. पावसाळ्याची तारीख वेगळी, हिवाळ्याची वेगळी.

तळणीची एक गोष्ट सांगून टाकते, कारण फोन त्याच्यासाठीच जास्त येतात. चकली तेलात विरघळली तर मोहन, म्हणजे पिठात घातलेलं गरम तेल, जास्त झालंय. दगडासारखी झाली तर मोहन कमी पडलंय. तेलकट झाली तर तेल पुरेसं तापलं नव्हतं, किंवा कढईत एकदम जास्त सोडल्या. मोठी ऑर्डर आली की घाई होते आणि हटकून तिसरं घडतं.

फक्त मराठी लेबल

हे जरा नाजूक आहे. माझं पहिलं लेबल पूर्ण मराठीत होतं आणि मला त्याचा अभिमान होता. पण खाद्यपदार्थाच्या पाकिटावरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी लागते. त्याशिवाय दुसरी कुठलीही भाषा जोडता येते. म्हणजे नुसतं मराठी चालत नाही, नुसतं कन्नडही चालत नाही. घटक, वजन, तयार केल्याची तारीख, किंमत, पत्ता, शाकाहाराची हिरवी खूण आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नंबर, सगळं त्यात आलं. हो, घरच्या स्वयंपाकघरातून विकायचं तरी ती नोंदणी लागते.

दुकान उघडलं तर पाटीचा नियम वेगळा आहे. २०२४ च्या कायदादुरुस्तीनंतर कर्नाटकात पाटीवरची ६० टक्के जागा कन्नडची. सीमाप्रश्नाचा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्याबद्दल माझं जे मत आहे ते आहे. पण माझी निम्मी पाकिटं चकली म्हणून विकली जातात आणि निम्मी चक्कुली म्हणून. लेबलावर कन्नड नाव घातल्यापासून अनगोळच्या एका दुकानात माल दुप्पट जायला लागला, आणि मराठी नाव मी काढलेलं नाही.

शिनोळीच्या पलीकडे

ही चूक आपल्याकडचीच, पुण्यातल्या बाईला ती माहीतही नसते. चंदगडकडची माणसं बाजाराला बेळगावात येतात, आपल्या पोरी कोल्हापूर-गडहिंग्लजला दिलेल्या असतात, गोव्यात नातेवाईक असतात. आपल्या मनात हा सगळा एकच मुलूख. जीएसटीच्या मनात सीमेवरची शिनोळी लागली की दुसरं राज्य, महाराष्ट्र.

कर्नाटकात माल विकताना वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, हे बहुतेकींना माहीत असतं. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवला की ही सूट राहत नाही, नोंदणी पहिल्या रुपयापासून. मी भाचीच्या ओळखीने कोल्हापूरच्या एका दुकानाला पाच किलो माल बसने पाठवला होता. त्यांनी बिल मागितलं तेव्हा सीएकडे गेले आणि हे कळलं. अधिसूचित हस्तकला वस्तूंना सवलत आहे, २० लाखांपर्यंत. त्यामुळे भरतकाम किंवा मातीकाम करणारीने आपली वस्तू त्या यादीत बसते का ते आधी बघावं. सेवेलाही २० लाखांची मर्यादा आहे, मेंदी काढायला कोल्हापूरला गेलात तर काळजी नको. छोट्या उलाढालीवर १ टक्का भरायची कंपोझिशन योजना सोपी वाटते, पण ती घेतली की परराज्यात माल पाठवता येत नाही. म्हणून नोंदणीच्या आधी गिऱ्हाईक कुठल्या बाजूला आहे ते ठरवा. मी तीन वर्षं फक्त इकडचंच गिऱ्हाईक धरलं.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, मात्र लगेच करून टाका. आधार आणि पॅनवर होते आणि फुकट आहे. माझ्या एका मैत्रिणीकडून मध्यस्थाने तिचे दीड हजार घेतले.

एकाच फोनवर सगळे पैसे

भिशीचे, भावाने पाठवलेले, चकलीचे, सगळे एकाच यूपीआयवर. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या जमा रकमा बघून छोट्या विक्रेत्यांना नोटिसा काढल्या, तेव्हा बाजारात बऱ्याच ठिकाणी क्यूआर कोड उतरले आणि "फक्त रोख" लिहिलं गेलं. रोखीने हिशेब सुटत नाही. वेगळं खातं काढलं की सुटतो. मला नोटीस आली नव्हती, पण धंद्याचे नेमके किती आले हे मलाही सांगता आलं नसतं.

उधारीबद्दल जास्त लिहीत नाही. निम्मे पैसे आगाऊ, नाहीतर भाजणी भिजत नाही. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळते, पाचव्यांदा नाही.

दिवाळीच्या भरवशावर

दुसऱ्या वर्षी मी दिवाळीत साठ किलोला हो म्हटलं. शेवटच्या वीस किलोंची चव मलाच ओळखू आली नाही. तळताना दोन रात्री जागले, मुलाची परीक्षा होती तेही विसरले. डिसेंबर ते मार्च मात्र फोन वाजला नाही, आणि धंदा बुडाला असं समजून मी सोऱ्या माळ्यावर टाकला.

सोऱ्या खाली आला तो रुखवतामुळे. लग्नसराईत रुखवतात फराळ मांडतात, तिथे चकली मोठी, एकसारखी आणि न तुटलेली लागते. त्याला भावही चांगला मिळतो आणि तारीख दोन महिने आधी कळते. आता वहीच्या पहिल्या पानावर वर्ष आखलेलं असतं: लग्नाच्या तिथी, गणपती, दिवाळी, आणि पावसाळ्यातले सहा आठवडे पूर्ण बंद. दिवाळीत चाळीस किलोंवर नाही. एकेचाळिसाव्या किलोवाल्याला मी गल्लीतल्या दुसऱ्या बाईचा नंबर देते. ती माझ्याकडेच शिकली, आणि खरं सांगायचं तर तिची शेव माझ्यापेक्षा बरी होते.

काकी अजून २४० नेच मागतात. त्यांना विकत नाही. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी स्टीलच्या डब्यातून अर्धा किलो नेऊन देते आणि रिकामा डबा परत आणते. त्याची नोंद वहीत "घरखर्च" या रकान्यात आहे.