अनुदानाच्या अर्जाआधी जुन्या यंत्राला मीटर लावा

ऊर्जाबचतीच्या यंत्रणेसाठी सरकारी सहनिधी मागणार असाल, तर फॉर्म भरायला घेण्याआधी जुन्या यंत्राला वेगळा वीजमीटर लावा. जुना पंप किंवा पंखा एकदा भंगारात गेला की तो किती वीज खात होता, हे दाखवायला हातात काहीच उरत नाही. नुसती बिलं पुरत नाहीत. त्यात अख्ख्या कारखान्याचा आकडा असतो. वीज, चालू तास आणि त्या काळातलं उत्पादन या तिन्हींची नोंद एकत्र ठेवा. उत्पादन घटल्यामुळे कमी झालेली वीज ही बचत नव्हे, आणि तपासणीत बोट नेमकं तिथेच ठेवलं जातं. मोजणी 'आयपीएमव्हीपी' या बचत मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार मांडली तर फार समजावत बसावं लागत नाही.

पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला की लागणारी शक्ती सुमारे ५१ टक्क्यांवर येते, कारण ती वेगाच्या घनानुसार बदलते. पण हा कागदावरचा हिशेब आहे. वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हमध्येही थोडी वीज जाते, म्हणून अर्जात थोडा हात राखूनच आकडा लिहा.

आणि मंजुरीपत्र येईपर्यंत कृपा करून ऑर्डर देऊ नका, ॲडव्हान्ससुद्धा नको! त्याआधीचा खर्च बहुतेक योजनांत धरलाच जात नाही. पैसेही बहुधा काम झाल्यावर, बिलं तपासून मिळतात. तोवर पुरवठादाराचे पैसे कसे भागवायचे, हे बँकेशी आधीच बोलून ठेवा.

निविदा भरणार असाल, तर तिच्यात मूल्यांकन खरेदी किमतीवर आहे की यंत्राच्या आयुष्यभराच्या खर्चावर, तेवढं आधी वाचा. संदिग्ध वाटलं तर मुदतीत लेखी विचारा.