कुठला गळा का लक्षात राहतो? घरच्या घरी आवाज ऐकायची बैठक

‘काय गोड आवाज आहे!’ एवढं म्हटलं की गायकाविषयीचं बोलणं बहुतेक वेळा तिथेच थांबतं. माणिक वर्मांचा आवाज गोड, सुमन कल्याणपूर यांचा गोड, अरुण दाते यांचाही गोड. पण डोळे मिटून एकेक ओळ ऐकली तरी हे तिघं झटकन वेगळे कळतात. म्हणजे ओळख गोडव्यात नाही. स्वराला कसा हात घातला, शब्द कुठे सोडला, श्वास कुठे घेतला, यात ती असते. ती शोधायला स्वतःला गाता यायला हवं असं नाही. सहा-आठ माणसं, एक शांत खोली, दोन तास आणि थोडी शिस्त एवढं पुरतं. ठाण्यात किंवा नवी मुंबईत सोसायटीतल्या सोसायटीत अशी बैठक कशी भरवायची, ते इथे सविस्तर देत आहोत.

खोली आणि वेळ

क्लबहाउस मिळत असलं तरी आधी मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे झणझणीत शेपूट ऐकू आलं, तर ती खोली आवाज ऐकायला कामाची नाही. गुळगुळीत फरश्या आणि काचेच्या भिंती आवाज परत फेकतात, आणि त्यात सगळ्यात आधी व्यंजनं पुसली जातात. ‘त’ आणि ‘द’ सारखेच ऐकू येऊ लागतात. सतरंज्या, गाद्या, जाड पडदे टाकून बरंच सुधारतं. त्यापेक्षा सोफा, पडदे आणि पुस्तकांचं कपाट असलेला कुणाच्या तरी घरचा हॉल बरा.

रविवारी सकाळी सात ते नऊ ही वेळ उत्तम. घोडबंदर रोडला लागून घर असेल किंवा ऐरोली-रबाळेकडे रुळांच्या जवळ, तर त्या बाजूच्या खिडक्या बंद करा आणि तुकडा वाजत असताना पंखाही बंद ठेवा. वाहनांची आणि पंख्याची घरघर खालच्या पट्टीत असते. ती पुरुषांच्या आवाजातला खर्ज झाकून टाकते, आणि भरदार गळाही विनाकारण पातळ वाटतो. याच कारणाने ट्रान्स-हार्बर लोकलच्या डब्यात कानात इअरफोन घालून कुठल्याही आवाजाविषयी मत बनवू नका. गाणं जरूर ऐका, निवाडा मात्र घरी करा.

स्पीकर साधे दोन असले तरी चालतील. ते एकमेकांपासून पाच-सहा फुटांवर, भिंतीपासून किमान दीड-दोन फूट पुढे आणि बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवा. कोपऱ्यात ढकललेला स्पीकर खालचे स्वर फुगवतो, आणि कुठल्याही पुरुष गायकाला नसलेला घुमारा मिळतो. फोनमधला इक्वलायझर, बास बूस्ट, सराउंड सगळं बंद करा. पार्टीसाठी विकतात तो ढणढणीत ब्लूटूथ स्पीकर या कामाला घेऊ नका.

आधी आवाजाची पातळी सारखी करा

बहुतेक बैठका इथेच फसतात. दोन तुकड्यांपैकी एक जरासा मोठा वाजला, एक-दोन डेसिबलनेच, तरी कान ‘हा मोठा आहे’ असं सांगत नाही. ‘हा चांगला आहे’ असं सांगतो. त्यावर मग तासभर वाद होतो, आणि तो वाद खरं तर व्हॉल्यूमच्या बटणाविषयी असतो.

फोनवर आवाज मोजायचं फुकट अॅप मिळतं. मधल्या खुर्चीवर कानाच्या उंचीला फोन धरा आणि प्रत्येक तुकडा वाजवून बघा. सरासरी 70 ते 75 डेसिबलमधला एकच आकडा धरा आणि सगळे तुकडे त्याच्या एका डेसिबलच्या आत आणा. प्रत्येक तुकड्याला बटण कुठे ठेवायचं ते कागदावर लिहून ठेवा. अॅपचा आकडा अचूक नसला तरी हरकत नाही. आपल्याला तुलना करायची आहे, आणि तुलनेला एकच फोन एकाच जागी पुरतो.

मंडळींत ज्येष्ठ असतील तर त्यांना पुढे बसवा. वयानुसार आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं. स, श, त ही व्यंजनं निसटतात आणि ‘आवाज स्पष्ट नाही’ असं वाटतं. त्यांच्यासाठी सगळ्यांचा ट्रेबल वाढवू नका, त्यांची खुर्ची जवळ घ्या.

तुकडे कसे निवडायचे

एका बैठकीला बारा तुकडे पुरेत, प्रत्येकी आठ ते दहा सेकंदांचे. सुरुवातीची वाद्यं कापून टाका, कारण त्यांवरून गाणं ओळखू येतं आणि मग सगळे गाणं ऐकतात, आवाज ऐकत नाहीत. शक्यतो कमी परिचयाची गाणी घ्या. मुखड्यापेक्षा अंतरा बरा. वाद्यं थांबली आहेत आणि गळा एकटा आहे अशी जागा सापडली तर ती सोडू नका.

जुन्या ध्वनिमुद्रणांत एक सापळा असतो. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीवरून नवीन प्रत काढताना यंत्र जरा वेगात फिरलं तर गाणाऱ्याची पट्टी चढते. वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला की स्वर पेटीच्या एका पट्टीने वर सरकतो. काळी एकचं गाणं पांढरी दोनला जातं, आणि आवाज मुळाहून बारीक, तरुण वाटू लागतो. बालगंधर्वांच्या किंवा ज्योत्स्ना भोळे यांच्या काळातलं काही निवडलं असेल तर तेच गाणं दोन ठिकाणांहून घेऊन तानपुऱ्याच्या अॅपवर षड्ज, म्हणजे ‘सा’, जुळवून पाहा. दोन्हींचा षड्ज वेगळा निघाला तर त्यांतली निदान एक प्रत तरी चुकीच्या वेगाची आहे. ‘रिमास्टर’ म्हणून मिळणाऱ्या प्रतींत पुष्कळदा वरून प्रतिध्वनी मिसळलेला असतो. तुलनेसाठी जुनी, थोडी खरखरणारी प्रतच बरी.

ऐकायचं काय

वाजवणारा एकच असावा आणि पडदा इतरांना दिसू नये. तुकडा वाजवा, दहा सेकंद गप्प राहा, पुन्हा वाजवा. मग प्रत्येकाने लिहायचं. लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, कारण पहिला बोलणारा जाणकार असला की बाकीचे त्याच्या कानाने ऐकू लागतात. कागदावर गोड, छान, दैवी हे शब्द चालणार नाहीत. गायकाने काय केलं ते लिहा: खालून आला, शब्द चावला, शेवटचं अक्षर लांबवलं, मध्येच श्वास घेतला.

सुरुवात पोतापासून करा, म्हणजे आवाजाच्या जातीपासून. दोन सेकंद टिकलेला एखादा आकार घ्या आणि तो आधी स्पीकरवर, मग फोनच्या छोट्या स्पीकरवर वाजवा. काळी एकला गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण 139 हर्ट्झचा, काळी चारला गाणाऱ्या स्त्रीचा 208 च्या आसपास. फोनचा इवलासा स्पीकर इतके खालचे स्वर जवळपास देतच नाही. तरीही भीमसेन जोशी ओळखू येतात, कारण गळ्याची जात मूळ स्वरात नसून त्याच्यासोबत उमटणाऱ्या वरच्या बारीक स्वरांच्या, म्हणजे उपस्वरांच्या, कमीअधिक जोरात असते, आणि मूळ स्वर कान स्वतःच जुळवून घेतो. फोनवर ज्या आवाजाची ओळख फारशी पुसली जात नाही, त्याचे वरचे उपस्वर भक्कम आहेत असं समजा. शास्त्रीय शिक्षण घेतलेल्या अनेक गळ्यांत 3000 हर्ट्झच्या आसपास जी धार असते, तिचाही यात वाटा आहे. मानवी कान तिथे सगळ्यात तिखट असतो.

मग लगाव, म्हणजे स्वर लावायची पद्धत. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. स्वर सुरू होताना पहिल्या अर्ध्या सेकंदात काय घडतं ते पाहायचं आहे: गायक थेट स्वरावर उतरला, खालून सरकत आला, की वरच्या स्वराचा कण, म्हणजे ओझरता स्पर्श, घेऊन आला? नुसत्या कानाला कळलं नाही तर वेग निम्मा करा. बहुतेक प्लेअरमध्ये पट्टी न बदलता वेग कमी करता येतो. अर्ध्याहून खाली जाऊ नका, स्वर फाटतो आणि नसलेल्या हरकती ऐकू येऊ लागतात.

या भागासाठी लता मंगेशकर आणि सुमन कल्याणपूर ही जोडी सगळ्यात कठीण आणि सगळ्यात शिकवणारी. दोघींच्या आवाजातल्या साम्यामुळे रेडिओवर ऐकणाऱ्यांची अनेकदा फसगत झाली आहे. पोतावर भिस्त ठेवली तर तुम्हीही फसाल. ओळीचा आरंभ आणि शेवट ऐका. आमच्या कानाला लताबाईंचा स्वर सुरू होतो तोच नेमक्या टोकावर. सुमनताई तो किंचित मऊ उघडतात आणि सोडतानाही हळू सोडतात. तुमच्या मंडळींचं म्हणणं वेगळं पडलं तर चालेल, फक्त ते कुठल्या अक्षरावर ऐकू आलं ते दाखवता आलं पाहिजे.

शब्दांकडे मराठी कानाने पाहा. ‘चांदणे’ आणि ‘चंद्र’ यांतले दोन च वेगळे उच्चारले जातात का? ‘ळ’ पुरा वळतो की ‘ल’ होऊन जातो? ‘मन’ लांबवायचा असेल तर गायक ‘म’मधला अकार धरतो की ‘न’ नाकात घोळवतो? सुधीर फडके हा याचा वस्तुपाठ आहे. बाबूजींचं गाणं चालू असताना कविता कागदाशिवाय लिहून घेता येते, कारण सुरासाठी ते अक्षराचा बळी देत नाहीत. सुलोचना चव्हाण यांच्या लावणीत व्यंजनावर दिलेला ठसका हीच ओळख. त्या ठिकाणी तोच सूर गुळगुळीत लावून बघा, लावणी उरत नाही. अरुण दाते यांचं भावगीत मायक्रोफोनच्या जवळिकीशिवाय कल्पनेत येत नाही. कानाशी बोलल्यासारखं गाणं हे मायक्रोफोन आल्यावरच शक्य झालं. त्याआधीच्या रंगभूमीवरच्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागे. म्हणून फेक असलेला आवाज आणि कुजबुजीचा आवाज एकाच मापाने मोजू नका.

श्वासासाठी गाण्याचे शब्द छापून घ्या आणि श्वास ऐकू येईल तिथे तिरकी रेघ मारा. कुमार गंधर्वांचं उदाहरण इथे महत्त्वाचं. क्षयामुळे त्यांना काही वर्षं गाणं थांबवावं लागलं. नंतरच्या गाण्यात छोट्या, झपकन फेकलेल्या स्वरवाक्यांची आणि मधल्या मोकळ्या जागांची जी शैली दिसते, तिच्यात शरीराची मर्यादा आणि प्रतिभा एकत्र काम करतात. मोठा दमसास हीच थोरवी, असा समज या एका गळ्याने खोटा ठरवला आहे.

शेवटी स्वराची हालचाल. टिकवलेल्या स्वरात कंप आहे का, असल्यास केवढा? सेकंदाला पाच ते सात हेलकावे कानाला सुखद वाटतात. त्याहून बरेच जास्त झाले की स्वर थरथरतो, कमी झाले की डुलतो. आपल्याकडे मुळात स्थिर स्वराला मान आहे, त्यामुळे कंप कुठे नाही हेही टिपा. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, डोळ्यांनी पाहायची असेल तर ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घ्या आणि ट्रॅकच्या मेनूत स्पेक्ट्रोग्राम निवडा. किशोरी आमोणकरांच्या आलापातला एकटा तुकडा टाकला की एका स्वरातून दुसऱ्यात जाणारी तिरपी, अखंड रेघ दिसते. मुरकी, म्हणजे झपकन घेतलेला स्वरांचा छोटा झुबका, असेल तिथे बारीक गाठी. वाद्यमेळ असलेल्या गाण्यावर हे करत बसू नका, चित्रातून काहीच उलगडत नाही.

गाणं आवडतं की आवाज?

हा प्रश्न प्रत्येक आवडत्या गायकाला लावायलाच हवा. कविता, चाल, आपली आठवण आणि गळा ही चार वेगळी माणसं एकत्र येऊन आपल्याला भेटतात, आणि श्रेय सगळं गळ्याला जातं. ती सोडवायला दोन उपाय. तीच चाल दुसऱ्या चांगल्या गायकाकडून ऐका. तेवढीच आवडली तर जादू चालीची आहे. मग मूळ गायकाचं कधीच न ऐकलेलं, शक्य तर आवडत नसलेल्या धाटणीचं गाणं ऐका. तरीही कान टवकारले गेले तर तो आवाज तुमचा.

नाट्यगृहात

गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह किंवा वाशीचं विष्णुदास भावे, कुठेही गायकाचा गळा आणि ध्वनियंत्रणा हे मिश्रणच ऐकू येतं. बाजूच्या स्पीकरसमोरच्या खुर्च्या टाळा, मधल्या भागात सहाव्या-सातव्या रांगेनंतर बसा, आणि बाल्कनीच्या छताखाली फार मागे जाऊ नका, तिथे आवाज मंद होतो. पंडित राम मराठे ठाण्याचे. त्यांच्या स्मरणार्थ ठाण्यात होणाऱ्या संगीत समारोहात एकामागून एक वेगवेगळे गळे एकाच सभागृहात, एकाच यंत्रणेवर ऐकायला मिळतात. तुलनेला इतकी सोयीची संधी क्वचितच येते, वही घेऊन जा. मायक्रोफोनशिवायचा गळा ऐकायचा असेल तर मात्र घरगुती बैठक शोधा आणि दहा-पंधरा फुटांच्या आत बसा.

टिपणं तपासायची कशी

बारा तुकड्यांची टिपणं झाली की कागद गोळा करून ठेवा. महिन्याने तेच तुकडे वेगळ्या क्रमाने लावा आणि नव्याने लिहा. जे दोन्ही वेळा सारखं आलं, त्यावरच विश्वास ठेवा. त्यानंतर गायकाचं नाव न सांगता एकेक टिपण मोठ्याने वाचा आणि इतरांना ओळखू द्या. एकाच टिपणावरून दोघांनी दोन वेगळी नावं घेतली, तर ते टिपण अजून ढोबळ आहे. तुकडा परत लावा आणि नेमकं कुठल्या अक्षरावर काय झालं ते लिहा.