विद्यार्थी भयपटाची सुरुवात कशी आखावी: पहिल्या दोन मिनिटांचे नियोजन

दहा-बारा मिनिटांच्या विद्यार्थी भयपटात पहिली दोन मिनिटे फार मोलाची असतात. तरीही बहुतेक गटांचा सगळा वेळ भुताच्या रंगभूषेत आणि शेवटच्या किंकाळीत जातो, आणि सुरुवात चित्रीकरणाच्या दिवशी, जागेवर उभे राहून, सुचेल तशी घेतली जाते. ही सुरुवात आधी कागदावर कशी आखावी, हे या लेखात नाशिकमधल्या एका काल्पनिक उदाहरणाच्या आधारे मांडले आहे. माझे ठाम मत असे आहे की, भयपटाच्या सुरुवातीने प्रेक्षकाला घाबरवण्याची घाई करू नये. त्या घराची एखादी रीत प्रेक्षकाच्या नीट लक्षात आणून द्यावी आणि मग ती एकाच ठिकाणी, गाजावाजा न करता, मोडलेली दाखवावी. पुढच्या सगळ्या भीतीचा पाया या मोडलेल्या रीतीत असतो.

आधी रीत एका वाक्यात लिहा

पटकथेला हात घालण्यापूर्वी कोऱ्या कागदावर दोन वाक्ये लिहा. पहिल्या वाक्यात घराची रीत असावी आणि दुसऱ्यात ती कशी मोडते ते असावे. आपले उदाहरण असे आहे: जुन्या नाशकातल्या एका वाड्यात आत्या आणि तिची भाची अशा दोघीच राहतात, चपला ओसरीच्या खालच्या पायरीवर ओळीने काढायच्या आणि तिन्हीसांजेला दिवा लावून दिंडी दरवाजाला अडसर घालायचा, ही आत्याची रीत आहे. एका पावसाळी संध्याकाळी अडसर घातल्यानंतर पायरीवर चपलांचे तीन जोड दिसतात, आणि तिसरा जोड ओला आहे.

या दोन वाक्यांत भूत नाही, रक्त नाही आणि पूर्वेतिहासही नाही. तरीही कोण आले, केव्हा आले आणि आता कुठे आहे, हे तिन्ही प्रश्न प्रेक्षकाच्या मनात आपोआप उभे राहतात. तुमच्या दोन वाक्यांतून असा प्रश्न निर्माण होत नसेल, तर कॅमेरा कितीही चांगला असला तरी सुरुवात फिकीच पडेल. रीत निवडताना ती घरोघरी पाळली जाणारी असावी, कारण ती समजावून सांगण्यात वेळ जात नाही.

आपल्याकडे मुंजा, हडळ, चकवा, खवीस अशी भुतांची मोठी परंपरा आहे आणि विद्यार्थ्यांनी तिचा उपयोग जरूर करावा. द्राक्षबागेतल्या एकसारख्या दिसणाऱ्या ओळींमध्ये संध्याकाळी वाट चुकलेला माणूस आणि चकवा, ही कल्पना तर निफाड-दिंडोरीच्या मुलांनी हाती घ्यावी अशीच आहे. मात्र विधवा बाई, मनोरुग्ण किंवा एखाद्या विशिष्ट वस्तीतला माणूस यांनाच संकटाचे मूळ ठरवण्याची सवय सोडून द्यावी. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झालेल्या राज्यात आपण चित्रपट करत आहोत, आणि अशा संशयापायी खऱ्या माणसांनी मार खाल्लेला आहे.

काळ आणि स्थळ एका संवादात सांगा

सुरुवातीला पडद्यावर लांबलचक मजकूर किंवा निवेदन देण्यापेक्षा एखादे नेमके वाक्य पुरेसे ठरते. गोदाघाटावर रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे आणि पुराचे पाणी तिच्या पायाला, कमरेला की छातीला लागले, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. २०१६ आणि २०१९ च्या पुरांतही शहरभर हीच विचारपूस चालली होती. आपल्या उदाहरणात दाराबाहेरून शेजाऱ्याचा आवाज येतो, “काकू, मारुतीच्या छातीला लागलंय हो पाणी!” आणि आत्या आतूनच म्हणते, “लागू दे. आपल्या पायरीला नाही लागत कधी.” एवढ्यात गाव कळते, ऋतू कळतो, धोका वाढतो आहे हे कळते आणि आत्याचा स्वभावही कळतो. पुण्या-कोल्हापुरातल्या प्रेक्षकाला मारुतीचा संदर्भ ठाऊक नसला तरी पाणी चढते आहे, एवढे त्याला शेजाऱ्याच्या सुरावरून समजते.

पूर दाखवायचा नाही, हेही येथेच ठरवून टाका. चढत्या पाण्याजवळ कॅमेरा घेऊन जाणे जिवावर बेतू शकते, आणि भयपटाच्या दृष्टीनेही नुसता ऐकू येणारा पूर अधिक परिणामकारक असतो.

जागेची निवड आणि परवानग्या

वाडा निवडताना तो किती भेसूर दिसतो याकडे पाहू नका. दिंडी, चौक, ओसरी आणि माजघर यांचा एकमेकांशी असलेला संबंध कॅमेऱ्याच्या एकाच जागेवरून दिसतो का, ते पाहा. जुन्या नाशकातले अनेक वाडे मोडकळीस आलेले आहेत आणि पावसाळ्यात भिंती पडण्याच्या घटना घडतात. त्यामुळे धोकादायक ठरवलेल्या वास्तूत पाऊलही ठेवू नये, आणि चांगल्या वाड्यातही लाकडी जिन्यावर व माडीवर एका वेळी मोजकीच माणसे असावीत. वाड्यात भाडेकरू राहत असतील तर मालक आणि भाडेकरू या दोघांचीही लेखी संमती घ्यावी. सरकारवाडा आणि पांडवलेणी ही संरक्षित स्मारके आहेत, त्यामुळे तेथे पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय चित्रीकरणाचा बेत आखू नये. देवळालीचा लष्करी परिसर तर विद्यार्थ्यांनी यादीतूनच वगळावा. रात्री किंकाळ्या असतील तर शेजारच्या घरांना आदल्या दिवशी सांगून ठेवावे. कलाकार अठरा वर्षांखालील असतील तर पालकांचे संमतिपत्र आवश्यक समजावे.

शॉट कागदावर उतरवा

पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब असतो. म्हणजे सुरुवातीसाठी दोनच पाने हाताशी आहेत. त्यांतून सहा-सात शॉट पुरतात, आणि काडीचित्रे काढता आली तरी स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटची क्रमवार चित्रे, तयार होतो. त्यासोबत जागेचा वरून दिसणारा नकाशा काढून त्यावर कॅमेऱ्याची प्रत्येक जागा क्रमांकाने दाखवावी.

आपल्या उदाहरणात पहिला शॉट दिंडीच्या बाजूने घेतलेला, स्थिर आणि रुंद आहे. पागोळ्या गळत आहेत, पायरीवर चपलांचे दोन जोड आहेत, भाची ओसरीवर बसून भिजलेले केस पुसते आहे आणि आत्या आतबाहेर करते आहे. हा शॉट पंधरा-वीस सेकंद चालू द्यावा, म्हणजे प्रेक्षकाची नजर पायरीवरून एकदा तरी फिरते. चपलांचा वेगळा क्लोज-अप येथे घेऊ नये, कारण तो घेतला की प्रेक्षक लगेच सावध होतो. त्यानंतर निरांजन लावणारा हात, शेजाऱ्याच्या हाकेने दिंडीकडे वळलेली आत्या, दोघींचा छोटा संवाद आणि मग कोयंड्यात बसणारा अडसर, असे जवळचे शॉट येतात. अडसराचा शॉट हात बाजूला झाल्यावरही दोन सेकंद तसाच ठेवावा, म्हणजे दार बंद झाले याविषयी कोणाच्याही मनात शंका उरत नाही.

शेवटचा शॉट म्हणजे पहिल्याच शॉटची तंतोतंत पुनरावृत्ती. फ्रेम तीच, उंची तीच, फक्त उजेड उतरलेला आणि पायरीवर तीन जोड. भाची दिवा घेऊन तेथून जाते आणि तिला काहीच दिसत नाही. येथे झूम नको आणि संगीताचा दणकाही नको. ज्याला तिसरा जोड स्वतःहून दिसतो, तो प्रेक्षक शेजारच्याला कोपर मारतो. भयपटाला याहून मोठी पावती नाही. मात्र ही जादू फ्रेम किंचित हलली तरी नाहीशी होते. म्हणून पहिल्या शॉटनंतर ट्रायपॉडच्या तिन्ही पायांभोवती खडूने खुणा कराव्यात, पायांची उंची टेपने मोजून लिहून ठेवावी आणि फ्रेमचा फोटो काढून ठेवावा. ओल्या जोडाच्या चपला दुहेरी आणाव्यात. एक जोड भिजवलेला आणि एक कोरडा हाताशी असला म्हणजे टेक पुन्हा घेताना चपला वाळण्याची वाट पाहावी लागत नाही.

उजेड

अंधार दाखवण्यासाठीही प्रकाश लागतो, ही गोष्ट मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावी. दिवे मालवून चित्रीकरण केले की मोबाइल आपोआप आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनक्षमता, वाढवतो आणि काळ्या भागात दाणे वळवळू लागतात. त्याऐवजी एका बाजूने मंद प्रकाश द्यावा आणि दुसरी बाजू काळ्या पुठ्ठ्याने झाकून गडद करावी. फोकस आणि एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) लॉक करणे, म्हणजे आपोआप बदलू न देणे, अत्यावश्यक आहे, नाहीतर दिवा फ्रेममध्ये आला की सगळे चित्र उजळते-मावळते. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे सेकंदाला २५ फ्रेम आणि शटरचा वेग १/५० सेकंद ठेवल्यास दिव्यांची फडफड सहसा टळते. स्वस्त एलईडी दिव्यांची मात्र आधी चाचणी घ्यावी.

पागोळ्यांसाठी खऱ्या पावसाची वाट पाहत बसू नका. कौलांवरून नळीने सोडलेले पाणी चालते, पण त्याच्या मागून प्रकाश नसेल तर थेंब कॅमेऱ्याला दिसतच नाहीत. पाणी आणि वीज एकाच चौकात असल्याने तारा जमिनीवर टाकू नयेत आणि शक्यतो बॅटरीवरचे दिवे वापरावेत.

कातरवेळेचा निळसर उजेड अगदी थोडा वेळ टिकतो. नाशिकला डिसेंबरअखेरीस सूर्य सहाच्या सुमारास आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सातनंतर मावळतो. त्यामुळे दिवसाचे वेळापत्रक कथेच्या क्रमाने न लावता उजेडाच्या क्रमाने लावावे. जवळचे शॉट दुपारी, खिडक्या झाकून, संपवावेत. पहिला रुंद शॉट सूर्यास्ताच्या आधी घ्यावा आणि मग कॅमेरा न हलवता त्याच जागेवरून कातरवेळेचा शॉट घ्यावा. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी आपली कंपनी नाशिकला आणली, त्या काळात चित्रीकरण मुख्यतः सूर्यप्रकाशावरच चालत असे. सूर्याच्या वेळा पाहून दिवस आखणे ही आपल्या गावच्या चित्रपटाची जुनी शिस्त आहे, आणि ती आजही उपयोगी पडते.

आवाज

विद्यार्थी भयपट बहुतेक वेळा चित्रापेक्षा आवाजात कमी पडतो. संवाद घेताना पंखे आणि फ्रिज बंद ठेवावेत. गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली तर निघताना तो पुन्हा चालू करण्याची आठवण राहते. सगळ्यांना स्तब्ध उभे करून जागेचा नुसता आवाज एक मिनिटभर ध्वनिमुद्रित करावा, कारण संकलनात दोन संवादांमधली फट बुजवायला तो लागतो. पावसाचा, पागोळ्यांचा आणि अडसराचा आवाज वेगवेगळा घ्यावा. ओल्या पावलांसाठी पिळून न काढलेला कापडाचा बोळा शहाबादी फरशीवर दाबून उचलल्यास फार चांगला आवाज मिळतो. तो शेवटच्या शॉटमध्ये वापरायचा झाल्यास एकदाच आणि अगदी हळू वापरावा. अडसर बसताच पावसाचा आवाज थोडा दबला पाहिजे, कारण दार बंद झाल्यावर तसेच होते. पण शेवटच्या शॉटमध्ये तो पुन्हा पहिल्याइतकाच मोठा करावा, म्हणजे कुठेतरी काहीतरी उघडे राहिले आहे हे प्रेक्षकाच्या कानाला डोळ्यांआधी कळते.

शीर्षक आणि चाचणी

महाविद्यालयाचे नाव, आभार आणि श्रेयनामावली शेवटी न्यावी, आणि चित्रपटाचे शीर्षक तिसऱ्या जोडानंतर लगेच, काळ्या पडद्यावर यावे. संकलन झाले की ही दोन मिनिटे ज्या सभागृहात चित्रपट दाखवायचा आहे, तेथील प्रोजेक्टरवर चालवून पाहावीत. मोबाइलच्या पडद्यावर दिसणारा गडद तपशील प्रोजेक्टरवर अनेकदा राखाडी होतो किंवा बुडून जातो. मग कथा ठाऊक नसलेल्या चार-पाच जणांना ती दाखवावीत आणि “काय पाहिलं?” एवढेच विचारावे. कोणालाच तिसरा जोड दिसला नसेल तर पायरीवर थोडा उजेड वाढवावा. सगळ्यांनाच तो पहिल्या सेकंदाला दिसला असेल तर भाचीला त्याच क्षणी फ्रेमच्या दुसऱ्या टोकाकडून चालत आणावे, म्हणजे नजर आधी तिच्यामागे जाईल.