शब्दखेळ सुरू करण्याआधी (आणि शब्दयादीला हात लावण्याआधी)

आमच्या साइटवर बुद्धिबळ, गो, रिव्हर्सी सुरळीत चाललं होतं. शब्दखेळ म्हणजे काय, एक नवा पट आणि शब्दांची एक फाइल, असं धरून मी तीन आठवड्यांत तो चढवला आणि चौथ्या महिन्यात तोंडावर आपटलो. आता दुसऱ्यांदा करायला घेतलंय, म्हणून ही तयारी आधी लिहून काढतोय. पट काढणं, मोबाइलवर टाइल ओढणं, चाल आल्याची सूचना, हे तुम्हाला येतंच. सोडून देतो.

नावाचं आधी बघा. अक्षरांच्या टाइल्स पटावर लावून शब्द जुळवायचा हा खेळ आल्फ्रेड बट्स यांनी १९३८ मध्ये रचला आणि १९४८ मध्ये त्याला 'स्क्रॅबल' हे नाव मिळालं. त्या नावाचा हक्क अमेरिका-कॅनडात हॅस्ब्रो कंपनीकडे, बाकी जगात मॅटेल कंपनीकडे. फेसबुकवर त्याच धर्तीचं 'स्क्रॅब्युलस' जोरात चालायचं. २००८ मध्ये हॅस्ब्रोने खटला भरला आणि स्क्रॅब्युलसला 'लेक्स्युलस' होऊन परत यावं लागलं. तेव्हा नाव आपलं, गुणांच्या घरांची मांडणी आपली, रंगही आपले. एकदा वकिलाला दाखवा.

मग शब्दयादी. इंग्रजीसाठी 'एनेबल' ही सुमारे एक लाख बहात्तर हजार शब्दांची यादी कुणालाही मोफत वापरता येते. कॉलिन्स या शब्दकोशवाल्यांची यादी मोठी आहे, पण परवान्याशिवाय उचलू नका. मराठीत यादी मिळवण्यापेक्षा तिची हद्द आखणं कठीण. 'घर' चालेल. 'घरात'? 'घरातला'? 'घरातल्यांनासुद्धा'? आम्ही एकवचन आणि अनेकवचन ठेवलं, प्रत्यय लागला की बाद. क्रियापदांवरून दोन संध्याकाळी भांडलो, ते इथे सांगत बसत नाही. 'कवी' की 'कवि'? १९६२च्या लेखननियमांप्रमाणे सुटा शब्द 'कवी', ऱ्हस्व फक्त 'कविराज'सारख्या समासात. जुन्या वळणाचे लोक तरीही वाद घालणार. निर्णय कोणताही घ्या, पण तो खेळाच्या पानावर छापा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते. शब्दयादीला आवृत्ती क्रमांक द्या, आणि डाव सुरू होतो त्या क्षणी तो क्रमांक डावाच्या नोंदीत टाका. पुढे यादीचं काहीही होवो, तो डाव त्याच आवृत्तीवर तपासायचा. चालू असताना आणि संपल्यावरही.

बुद्धिबळाच्या साइटवाल्यांना हे सुचतच नाही. घोडा काल अडीच घरं जात होता, उद्याही अडीचच जाणार. शब्दखेळात यादी हाच नियम असतो, आणि तुम्ही तो दर दोन महिन्यांनी बदलता.

आम्ही पट साठवत नाही, चाली साठवतो. डाव उघडला की पहिल्या चालीपासून सगळ्या चाली तपासत पट उभा राहतो. बुद्धिबळात याचा कधी त्रास झाला नव्हता. एका रात्री मी यादी 'साफ' केली. काही शब्दांत 'ॲ' एकाच चिन्हाने टाइप केलेला होता, काहींत 'अ' टाइप करून वर चंद्र दिलेला. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे, आणि युनिकोडचं (संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक मानकाचं) प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करण्याची पद्धत, चालवलं तरी ही जोडी एक होत नाही. मी सगळे 'ॲ' एका चिन्हावर आणले. यादीतून एकही शब्द काढला नाही, बरं का. सकाळी एका खेळाडूचा निरोप: 'डाव उघडत नाही, अवैध चाल म्हणतोय.' तीन दिवसांत एक चाल असा संथ डाव होता. नऊ दिवसांपूर्वी चौथ्या चालीला त्यांनी तिप्पट गुणांच्या घरावर 'ॲप' लावला होता, जुन्या पद्धतीने टाइप झालेला. नव्या यादीत तो सापडेना, पट उभा राहीना, चाल करता येईना. घड्याळ मात्र चालू. मी जेवून परत येईपर्यंत ते वेळ संपून हरले होते, रेटिंगही कापलं गेलं होतं. 'ॲ' असलेले संपलेले डावही उघडेनात, ते वेगळंच.

हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. न्यूयॉर्क टाइम्सने जानेवारी २०२२ मध्ये वर्डल हा रोज एक शब्द ओळखायचा खेळ विकत घेतला आणि उत्तरांच्या यादीतले काही शब्द काढले. १५ फेब्रुवारीला ज्यांच्या ब्राउझरमध्ये जुनं पान उघडं होतं त्यांचं उत्तर 'अगोरा' आणि पान ताजं केलेल्यांचं 'अरोमा'. सगळ्या जगाला एकच शब्द, ही तर त्या खेळाची गंमत होती! म्हणजे क्रमांक फक्त डेटाबेसमध्ये ठेवून भागत नाही. ब्राउझरमध्ये यादी ठेवत असाल तर चालीबरोबर तिचाही क्रमांक सर्व्हरकडे आला पाहिजे.

अक्षरं मोजायचं काम ब्राउझरवर सोडू नका. 'क्षत्रिय' हा शब्द संगणकाच्या चिन्हांत आठ, आपल्या लेखी तीन अक्षरं: क्ष, त्रि, य. जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडमध्ये २०२३ साली, १५.१ मध्ये आला. त्याआधीच्या नियमाने ब्राउझर तोच शब्द पाच तुकड्यांत तोडतो. एका खेळाडूला पाच घरं, दुसऱ्याला तीन. सर्व्हरवर स्वतःचा नियम लिहा. 'दऱ्या'मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, तोही तिथेच सरळ करून घ्या. आणि हा नियम बदललात तर? नवी आवृत्ती, नवा क्रमांक. शब्द तेच असले तरीही.

टाइल्सचं प्रमाण (कोणत्या अक्षराच्या किती) ठरवताना वर्तमानपत्राचा मजकूर मोजू नका. 'आहे' आणि 'आणि' तिथे इतक्यांदा येतात की 'आ' उगाच फुगतो. यादीतले शब्द मोजा. प्रमाणालाही क्रमांक हवा, हे आता सांगायला नको.

लपवाछपवीची सवय आपल्याला नसते. बुद्धिबळात सगळी स्थिती दोघांनाही पाठवून मोकळे होतो. इथे समोरच्याची अक्षरं आणि टाइल्सच्या पिशवीतला क्रम सर्व्हरबाहेर जाता कामा नये. पडद्यावर दाखवलं नाही म्हणजे लपलं असं नाही. ब्राउझरमध्ये आलेला डेटा कुणीही उघडून वाचतो. पिशवी सर्व्हरवरच ढवळा.

रेटिंगचं सूत्र तेच चालेल, खातं वेगळं हवं. बुद्धिबळातला २००० वाला इथे नवखाच. शिवाय पिशवीतून काय निघेल ते नशीब, त्यामुळे चांगला खेळाडूही बुद्धिबळापेक्षा जास्त वेळा हरणार. लोक ओरडतील, ओरडू द्या.

फसवणुकीचं म्हणाल तर अक्षरं टाकली की शब्द काढून देणाऱ्या साइट आहेतच. जलद डावात चालीला लागलेला वेळ आणि शब्दांचा दुर्मीळपणा मिळून थोडा अंदाज येतो, संथ डावात काही कळत नाही. आम्ही संथ डावांचं रेटिंग बंद केलं. बॉट (स्वतः खेळणारा संगणक) ठेवणार असाल तर तो यादीपासून शब्दांचा आलेख, म्हणजे अक्षरांचं जाळं, बांधून खेळतो. ॲपल आणि जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेली ही पद्धत अजून उत्तम चालते. पण आलेख जुन्या फाइलचा आणि सर्व्हरवर यादी नवी असेल तर तुमचाच बॉट तुमच्याच साइटवर अवैध चाल करतो. आमच्या बॉटने केली. बॉटलाही क्रमांक!

शिव्या: खेळायला चालतील, रोजच्या कोड्याचं उत्तर म्हणून नकोत. दोन याद्या करा. शब्द काढायचाच ठरला तर फक्त नव्या डावांपुरता.

स्पर्धा: सुरुवातीला एक आवृत्ती ठरवायची, शेवटपर्यंत तीच. तक्रारीचं बटण द्या. डाव उघडताना चूक आली तर घड्याळ आपोआप थांबू दे, हेही मला मागाहून सुचलं. मदतीचं पान, बॅकअप वगैरे आलंच.

आणि चढवायच्या आदल्या दिवशी एक डाव सुरू करा. चार चाली खेळा. पटावरचाच एक शब्द यादीतून काढून नवी आवृत्ती चढवा, मग तो डाव उघडा. उघडला आणि पाचवी चाल झाली तर ठीक. नाही उघडला तर तारीख पुढे ढकला.