मेक्सिकोचा मृतांचा दिवस आपण कसा पाळावा

‘दिया दे मुएर्तोस’ १ आणि २ नोव्हेंबरला असतो. पहिला दिवस बालपणीच गेलेल्या मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. मेक्सिकन नसलेल्यांनी तो पाळावा का, असं मला विचारतात. जरूर पाळावा. पण आधी एक ठरवा: कोणासाठी? मनात कुणाचं नाव नसेल तर ओफ्रेंदा, म्हणजे मृतांसाठीची मांडणी, करू नका. ती नुसती सजावट होईल.

मी बाबांसाठी मांडते. मध्यभागी त्यांचा फोटो. लांबून आलेल्या आत्म्याची तहान भागावी म्हणून पेलाभर पाणी. शेजारी मीठ, मेणबत्त्या आणि मिळाला तर कोपालचा धूप. फुलं सेंपासुचिलची, म्हणजे आपला झेंडूच; तो मूळचा मेक्सिकोचा. त्याच्या रंगावासावरून आत्म्याला घर सापडतं अशी श्रद्धा आहे, म्हणून दारापासून फोटोपर्यंत पाकळ्या पसरतात. हे तेवढं गाळू नका. पान दे मुएर्तो हा गोड पाव मिळाला तर ठेवा, नाही मिळाला तरी चालेल. गेलेल्या माणसाच्या आवडीचं मात्र हवंच. बाबांना बिनसाखरेची कडक कॉफी लागायची, आणि बुद्धिबळात हरायला लागले की ते पट फिरवून बसायचे. कॉफी आणि पट दोन्ही ठेवते, आणि येईल त्याला हा किस्सा सांगते. हसायला संकोचू नका. या दिवसांत मेक्सिकोत ‘कालावेरिता’ नावाच्या, जिवंत माणसांनाही चिमटे काढणाऱ्या कविता लिहितात.

कवटीचा मेकअप मी करत नाही. तो ज्या कवटीच्या चेहऱ्याच्या बाईवरून आला, ती होसे ग्वादालुपे पोसादा (१८५२–१९१३) या मेक्सिकन मुद्राचित्रकारांनी चितारली, आपलं मूळ लपवून युरोपियन थाट मिरवणाऱ्यांची टर उडवायला. तो मुखवटा आपण नुसता मिरवायला चढवावा, हे मला पटत नाही.

मेक्सिकोला गेलात तर राजधानीतली मोठी मिरवणूक सगळ्यांसाठी असते. ती २०१६ पासूनची. तिथे मोकळेपणाने फोटो काढा. राजधानीच्या कडेच्या मिस्किक गावातल्या किंवा हानित्सिओ बेटावरच्या कब्रस्तानात मात्र कुटुंबं आपापल्या माणसांच्या कबरींपाशी बसलेली असतात. तिथे कॅमेरा पिशवीतच ठेवा, फोटो हवाच असेल तर आधी विचारा, कबरींवर पाय पडू देऊ नका. जाताना फुलं किंवा मेणबत्ती न्या. कुणी खायला पुढे केलं तर नाही म्हणू नका, आणि खाता खाता ती कबर कोणाची, त्यांना काय आवडायचं, हे घरच्यांना विचारा.